कुत्र्याचा कान आणि कपाटातली जुनी बाटली

‘मागच्या वेळचे ड्रॉप्स उरलेत, तेच घालून बघू.’ कुत्रा डोकं झटकायला लागला, कानातून आंबूस वास यायला लागला की बऱ्याच घरांत पहिला उपाय हाच होतो. मागच्या वेळी गुण आला होता ना, मग आता का नाही?

कारण बाहेरून तक्रार तीच दिसली, तरी आतला गुन्हेगार दरवेळी तोच असेल असं नाही. कधी मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते, कधी स्टॅफिलोकोकससारखे जिवाणू, तर जुनाट कानात अनेक औषधांना न जुमानणारा सुडोमोनास. पिल्लांच्या कानात बारीक किडेही सापडतात. स्रावाच्या रंगावरून अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. त्यासाठी डॉक्टर कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही मिनिटांचं काम आहे, आणि ते न करता औषध मिळत असेल तर आपणहून विचारावं.

दुसरा प्रश्न पडद्याचा. कानाचा पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानापर्यंत पोहोचून ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, तोलही बिघडतो. म्हणून डॉक्टर आधी कानात डोकावून बघतात. माणसाचे ड्रॉप्स किंवा शेजारच्या लॅब्राडोरचं औषध घालणं याच कारणाने धोक्याचं.

खोबरेल, हळद, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड या घरगुती यादीबद्दल थोडक्यात: तेलाने कान चिकट होतो, तपासणी अवघड होते, बाकीच्या गोष्टी सोललेल्या त्वचेवर आग करतात.

‘स्टेरॉइड आहे, नको’ ही भीतीही सरसकट खरी नाही. कुत्र्याची कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. ती सुजली की औषधाला वाटच उरत नाही. सूज आणि ठणका उतरवायला ठरावीक दिवस दिलेलं स्टेरॉइड हा उपचाराचाच भाग असतो. मात्र त्याने खाज लवकर थांबते आणि मालकाला वाटतं, झालं बरं! जंतू आतच असतात. औषध कधी थांबवायचं हे फेरतपासणीत ठरतं, कुत्रा खाजवायचा थांबला यावरून नाही.

औषध घालण्यातही गफलत होते. पू आणि मळ साचलेल्या कानात काही प्रतिजैविकं निकामी ठरतात. डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने कान भरावा, बुडाशी चोळावा, कुत्र्याला डोकं झटकू द्यावं आणि वर आलेलं कापसाने टिपावं. इअरबड मळ आणखी खाली ढकलतो. कान कोरडा झाल्यावर सांगितलं तेवढं औषध घालावं. मोठ्या कुत्र्याला काटकसरीने दोन थेंब घातले तर ते वळणापर्यंतही जात नाहीत.

एवढं करूनही वर्षातून तीन-चारदा कान बिघडत असेल, तर दोष पावसाळ्याला किंवा लोंबत्या कानांना देऊन सुटका नाही. दमटपणाने भर पडते, पण मूळ बहुतेकदा त्वचेच्या किंवा अन्नाच्या अॅलर्जीत असतं. पंजे चाटणं, पोट खाजवणं ही तिचीच लक्षणं. अॅलर्जी न आवरता फक्त ड्रॉप्स बदलत राहिलं, तर नळी जाड होऊन बुजत जाते आणि शेवटी ती शस्त्रक्रियेने काढावी लागू शकते.

मान एका बाजूला कलली, चालताना तोल जाऊ लागला किंवा तोंडाची एक बाजू लोंबली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.