बुंदीचा निळा उंदीर

बुंदी म्हणजे आमची कुत्री. रंगानं अगदी बुंदीच्या लाडवासारखी, म्हणून ते नाव. गेल्या दिवाळीत मी तिच्यासाठी एक माकड शिवलं. लालभडक कापड, डोळ्यांना चकचकीत काळी बटणं, पोटात उशीतला कापूस. घरातले सगळे म्हणाले, काय गोड झालंय! बुंदीनं ते तोंडात धरलं, मान गदागदा हलवली आणि दहा मिनिटांत अंगणभर कापूसच कापूस. एक बटण तर तिच्या तोंडात बोट घालून काढावं लागलं. तेव्हा कळलं, माकड झालं होतं ते आपल्या डोळ्यांना आवडेल असं. आता बुंदीचे दात, तिचे डोळे आणि तिचं नाक यांना विचारून शिवायचं होतं.

मान गदागदा हलवण्याचंच बघा ना. चप्पल सापडली तरी कुत्री हेच करतात. कुत्र्यांचे पूर्वज म्हणजे लांडगे, आणि लहानसं सावज तोंडात आलं की जोरात झटकून त्याची मान मोडायची, ही शिकाऱ्याची रीत. कुत्र्याला माणसाजवळ येऊन निदान 15,000 वर्षं झाली. बुंदीला दोन वेळा दूध-भाकरी आयती मिळते, पण तिची मान काही ती रीत विसरलेली नाही! म्हणून नवं खेळणं लांबट, लुळं हवं. झटकलं की फटाफट दोन्ही गालांवर आपटलं पाहिजे. मी उंदीर ठरवला.

रंग कुठला? आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच. 1989 साली अमेरिकेत जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना प्रकाशाच्या तीन चौकटी दाखवल्या. वेगळ्या रंगाच्या चौकटीला नाक लावलं की खाऊ! त्यातून कळलं, की कुत्र्यांना निळा आणि पिवळा छान ओळखता येतो, लाल-हिरव्यात मात्र गल्लत होते. म्हणजे माझं लाल माकड हिरवळीवर पडलं, की बुंदीला ते गवतातून वेगळं दिसणं अवघडच. मग निळी जुनी जीन्स काढली. कापडही दणकट.

आता टाका. गोधडीला घालतात तो धावदोरा सुरेख दिसतो, पण तो दातात सापडला की सुर्रकन ओढला जातो. म्हणून उलटी टीप. सुई वर आली की एक टाका मागे जायचं, आधीचा टाका संपला तिथंच टोचायचं आणि खालून दोन टाक्यांइतकं पुढे निघायचं. प्रत्येक टाका मागच्याला धरून बसतो. एखादा तुटला तरी शेजारचे लगेच उसवत नाहीत. कापड उलटं ठेवून शिवलं आणि शेवटी बोटभर फटीतून सुलटं केलं. शिवण गेली आत!

डोळे लावलेच नाहीत. शेपटीला दोरीही नाही. लांब दोरा पोटात गेला, तर त्याचं एक टोक कुठंतरी अडकतं आणि आतडं त्याच्यावर गोळा होत जातं, नाडी ओढल्यावर पायजम्याची कंबर होते ना, तसं. फार वाईट दुखणं आहे हे, ऑपरेशनच करावं लागतं. म्हणून खेळणं फाटलं की लगेच काढून घ्यायचं, आणि कुत्रं खेळताना आपण जवळ असायचं.

उंदराच्या पोटात मी माझ्या न धुतलेल्या टीशर्टच्या पट्ट्या भरल्या. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतात. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी 12 कुत्र्यांना एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवलं आणि त्यांना वेगवेगळे वास दिले. काही माणसांचे, काही कुत्र्यांचे. काहीतरी छान मिळणार असं वाटलं, की मेंदूचा एक भाग जागा होतो. तो सगळ्यांत जास्त जागा झाला घरच्या माणसाच्या वासानं. आणि ते माणूस तर तिथं नव्हतंसुद्धा!

मध्यंतरी मी दोन दिवस गावाला गेले होते. आई सांगत होती, बुंदी दोन्ही रात्री उंदराला हनुवटीखाली घेऊन झोपली. लाळेनं उंदीर कडक होतो म्हणून धुवावाही लागतो. धुऊन वाळला की एक रात्र मी त्याला माझ्या उशीखाली ठेवते. मग सकाळी बुंदीला देते.