धार काढणाऱ्या हातांवरचे फोड

म्हशीच्या सडांवर फोड दिसले की घरच्यांना आधी दुधाची चिंता लागते. पहिली नजर जायला हवी ती धार काढणाऱ्याच्या हातांकडे. म्हशींना होणाऱ्या देवीचा विषाणू कातडीवरच्या बारीक चिरेतून माणसात शिरतो. बोटांवर, मनगटावर पुरळ उठते, त्याचे टपोरे फोड होतात, मध्ये खळगा पडतो आणि वर काळपट खपली धरते. सोबत ताप, काखेत अवधाण.

२००९ मध्ये सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत या रोगाची साथ आली होती. हा विषाणू देवीच्या लसीतल्या ‘व्हॅक्सिनिया’ विषाणूचा अगदी जवळचा नातलग. माणसांतल्या देवीचे निर्मूलन झाले, लस टोचणे थांबले. त्यामुळे नंतर जन्मलेल्यांना त्या लसीचे कवच मिळालेले नाही.

गोठ्यात रोग पसरवण्याचे काम पुष्कळदा माणसाचेच हात करतात. एकीचे सड पिळले, तेच हात तसेच दुसरीच्या कासेला. पिणाऱ्या रेडकाच्या तोंडावरही फोड येतात. म्हणून आजारी म्हशीची धार शेवटी काढावी, मधे साबणाने हात धुवावेत, हाताला जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्याने बसावे. फोडांचा हात डोळ्याला मुळीच लावू नये.

दुखणे बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरे होते. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. फोडांत पू झाला तरच त्याचा उपयोग. दवाखान्यात गेल्यावर गोठ्यातली म्हैस आजारी आहे, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे.