पिकल्या केसांचे रॉक

रॉक संगीत म्हणजे विशीतल्या पोरांचा धिंगाणा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत. मग ऐंशीच्या घरातला गायक दोन तास रंगमंचावर नाचत-धावत गातो आणि त्याला पाहायला आजोबा नि नातू एकाच रांगेत उभे राहतात, हे गणित काय आहे? ‘रोलिंग स्टोन्स’च्या मैफलींत त्याचे उत्तर सापडते.

२६ सप्टेंबर २०२१. अमेरिकेतील सेंट लुईस शहरातल्या भव्य बंदिस्त स्टेडियममधले दिवे मालवले. हजारो प्रेक्षक श्वास रोखून उभे होते. पण रंगमंचावर कुणीच आले नाही. ना गायक, ना गिटारवाले. ऐकू येत होता तो केवळ ड्रमचा ठेका आणि मोठ्या पडद्यावर एकामागून एक झळकत होती एकाच माणसाची छायाचित्रे. चार्ली वॉट्सची.

जानेवारी १९६३ पासून ‘रोलिंग स्टोन्स’च्या ड्रममागे हाच माणूस बसत आला होता. महिन्यापूर्वीच, २४ ऑगस्टला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी तो गेला. दौरा तर आधीच ठरलेला. बँडने तो रद्द केला नाही. त्या रात्री गाणी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि रॉनी वूड हे तिघे पुढे आले, त्यांनी एकमेकांचे हात धरले आणि हा दौरा चार्लीला अर्पण केला. त्याच्याशिवायचा हा आपला पहिलाच दौरा, असे जॅगरने सांगितले. मग ड्रमवर बसलेल्या स्टीव्ह जॉर्डनने ठेका धरला आणि मैफल पुढे सुरू झाली.

त्या प्रेक्षकांत असे अनेकजण असतील, ज्यांनी हीच गाणी कॉलेजच्या दिवसांत ऐकली होती. एकेक शब्द पाठ, एकेक सूर ओळखीचा. तबकडी घरात आहेच. तरीही पैसे मोजून, तासन् तास उभे राहून माणसे म्हाताऱ्या बँडला प्रत्यक्ष पाहायला का जातात?

फलाटावरची भेट

या कहाणीची सुरुवात झाली ती एका रेल्वे फलाटावर. लंडनजवळचे डार्टफर्ड हे गाव. ऑक्टोबर १९६१ मधली एक सकाळ. जॅगर आणि रिचर्ड्स हे दोघे लहानपणी एकाच प्राथमिक शाळेत होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. त्या दिवशी फलाटावर कीथची नजर गेली ती जॅगरच्या काखेतल्या तबकड्यांवर. चक बेरी आणि मडी वॉटर्स! इंग्लंडातल्या त्या छोट्या गावात अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांच्या या तबकड्या म्हणजे दुर्मीळ ठेवाच. गाडी आली, गप्पा रंगल्या आणि जोडी जमली.

पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९६२ रोजी, लंडनच्या मार्की क्लबमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. बँडला नाव हवे होते. तेव्हाचा त्यांचा म्होरक्या ब्रायन जोन्स फोनवर बोलत असताना त्याची नजर जमिनीवर पडलेल्या मडी वॉटर्सच्या तबकडीकडे गेली आणि तिच्यावरच्या एका गाण्याचे नाव त्याने सांगून टाकले, अशी हकिगत कीथ सांगतो. नावच असे उसने घेतलेले. ही उसनवारी पुढे फार महत्त्वाची ठरली.

साठच्या दशकात ही पोरे इंग्लंडातल्या आईबापांची डोकेदुखी होती. वाढलेले केस, उद्धट उत्तरे, पोलीस-कोर्टाच्या भानगडी. मैफलींनीही दोन्ही टोके पाहिली. ५ जुलै १९६९ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये लाखोंचा समुदाय जमला. ब्रायन जोन्स दोनच दिवसांपूर्वी वारला होता आणि ती मैफल त्याची स्मरणसभाच झाली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियात आल्टामॉन्ट येथे, बंदोबस्तासाठी आणलेल्या मोटारसायकलस्वारांच्या टोळीनेच हाणामारी केली आणि रंगमंचापुढे अठरा वर्षांच्या एका तरुणाचा भोसकून खून झाला. तारुण्याच्या बेफिकिरीची किंमत काय असते, हे त्या रात्री सगळ्यांना कळले.

पंचेचाळिशीची पैज

रॉक हे तरुणांचेच, असे खुद्द ही मंडळीही मानत होती. पंचेचाळिसाव्या वर्षी ‘सॅटिस्फॅक्शन’ गात बसण्यापेक्षा मेलेले बरे, असे जॅगर तरुणपणी म्हणाल्याचे प्रसिद्ध आहे. १९६५ चे हे गाणे. त्याची मूळ धून कीथला झोपेत सुचली, अर्धवट जागेपणी त्याने ती टेपवर वाजवून ठेवली आणि उरलेल्या टेपवर त्याचेच घोरणे निघाले, हा किस्साही तितकाच प्रसिद्ध!

जॅगरची पंचेचाळिशी १९८८ साली उलटली. २०२४ च्या उन्हाळ्यात, एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर, तो अमेरिकेतील स्टेडियमांमधून मैफलीच्या शेवटी ‘सॅटिस्फॅक्शन’च गात होता. गंमत म्हणजे त्या दौऱ्याची प्रायोजक होती पन्नाशी उलटलेल्यांसाठी काम करणारी अमेरिकेतील एक मोठी संघटना. साठ वर्षांपूर्वी ज्यांच्या नावाने वडीलधारी मंडळी बोटे मोडत, त्यांच्या पाठीशी आता ज्येष्ठ नागरिकांची संस्था उभी!

वयाने तडाखे दिले नाहीत असे नाही. २००६ मध्ये कीथ फिजी बेटावर पडला, डोक्याला मार लागला आणि न्यूझीलंडमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. एप्रिल २०१९ मध्ये जॅगरच्या हृदयाची झडप बदलण्यात आली. दौरा पुढे ढकलला गेला. आणि २१ जूनला, म्हणजे तीन महिनेही उलटले नसताना, तो शिकागोच्या मैदानावर हजर! त्याचे वडील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते, ही गोष्ट इथे विसरून चालणार नाही. व्यायामाची शिस्त घरातूनच आलेली.

मैफल बांधतात कशी?

प्रत्यक्ष मैफल पाहताना लक्षात येते, की नुसत्या जोशावर हे चालत नाही. त्यामागे पक्की बांधणी असते. सुमारे दोन तास, अठरा-वीस गाणी. सुरुवातीला झपाट्याची, सर्वांना ठाऊक असलेली गाणी. मग एखादे संथ गीत. मध्यावर जॅगर साथीदारांची ओळख करून देतो आणि आत जातो. तेवढ्यात कीथ स्वतः दोनेक गाणी गातो. प्रेक्षकांना चवीत बदल आणि मुख्य गायकाला दम खायला उसंत. विसावलेला जॅगर परततो तो थेट शेवटच्या चढणीसाठी.

गाण्यांचा क्रम, त्यांची लय, त्यांचे सूर यांच्या नोंदी ठेवण्याचे काम चक लेव्हेल हा कीबोर्डवादक १९८० च्या दशकापासून करत आला. बास गिटारवर १९९० च्या दशकापासून डॅरिल जोन्स. म्हणजे पडद्यावर दिसतात तीन चेहरे, पण गाडा ओढणारे हात कितीतरी.

कीथच्या गिटारचीही एक खुबी आहे. गिटारला तारा सहा. पण अनेक गाण्यांसाठी तो सर्वांत जाड तार काढूनच टाकतो आणि उरलेल्या पाच अशा मिळवतो, की बोटाने न दाबता नुसत्या छेडल्या तरी पूर्ण स्वरमेळ घुमतो. कमी तारा, भरघोस नाद! संधिवातामुळे आपली वाजवण्याची तऱ्हा बदलली, पण बोटे नवी वाट शोधतात, अशा आशयाचे तो २०२३ मध्ये बोलला होता.

आणि चार्ली? तो मुळात जाझचा भक्त. नीटनेटके सूट घालणारा, १९६४ पासून एकाच पत्नीशी संसार करणारा, गाजावाजापासून दूर राहणारा. दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात तो झोपला, तिथल्या पलंगाचे चित्र तो वहीत काढून ठेवी. १९६७ पासूनचा हा नेम. बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमच्या मागे चालतात. स्टोन्समध्ये चार्ली कीथच्या गिटारकडे कान लावून, किंचित मागून येई. तो अंशभराचा झोल हीच या बँडची ओळख. सेंट लुईसला रसिकांच्या मनात धाकधूक होती ती हीच: हा झोल आता कुठून येणार?

मुंबईची वाट पाहणे

भारतातल्या रसिकांनी या बँडची वाट बघितली ती तब्बल चार दशके. १९६६ च्या ‘पेंट इट ब्लॅक’मध्ये ब्रायन जोन्सने सतार वाजवली होती, पण सतार तिकडे पोचली तरी बँड काही इकडे येत नव्हता. अखेर चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने काढलेल्या दौऱ्यात तो योग आला. ४ एप्रिल २००३ ला बंगळूर आणि ७ एप्रिलला मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम. सार्सच्या साथीमुळे त्याच सुमारास हाँगकाँग आणि चीनमधले कार्यक्रम पुढे ढकलावे वा रद्द करावे लागले होते. भारताचे मात्र पार पडले.

क्रिकेटच्या या जुन्या मैदानावर आलेला जॅगर तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता, चार्ली एकसष्टचा. सरकारी नोकरीतला माणूस निवृत्तीचे कागद भरतो, ते हे वय.

क्यूबाच्या रसिकांना तर याहून तेरा वर्षे जास्त थांबावे लागले. तिथे कित्येक वर्षे असले संगीत सरकारला खपत नसे. लोक चोरून ऐकत. २५ मार्च २०१६ ला हवानामध्ये स्टोन्सनी विनामूल्य मैफल केली आणि लाखो लोक जमले. त्यात तरुण होते, तसेच पिकल्या केसांचेही होते. विशीत जे कान दाराला लावून ऐकले, ते साठीत उघड्या मैदानावर ऐकायचे, याला नुसती करमणूक कसे म्हणावे?

उसने घेतले, ते फेडले

आपल्याला, म्हणजे भारतीय श्रोत्यांना, यात नवल वाटू नये. पंडित भीमसेन जोशी उतारवयात ‘सवाई गंधर्व’च्या मंचावर बसले, तेव्हा त्यांच्या तरुणपणीच्या तानांचा हिशेब कुणी मांडला नाही. वयाबरोबर आवाज पिकतो, काही गळते, काही मुरते, हे आपल्या रसिकाला ठाऊक असते. पाश्चात्त्य रॉकला मात्र म्हातारे होण्याची सवयच नव्हती. कसे व्हायचे, हे दाखवायला आधीची पिढीच नव्हती.

खरे तर होती. २२ नोव्हेंबर १९८१ ची रात्र. शिकागोतल्या ‘चेकरबोर्ड लाउंज’ या छोट्याशा क्लबात मडी वॉटर्स गात होता. सत्तरीकडे झुकलेला, भारदस्त. दौऱ्यावर आलेले स्टोन्स प्रेक्षकांत येऊन बसले. गाता गाता मडीने जॅगरला वर बोलावले. मग कीथ आणि रॉनीही गेले. जगभरची स्टेडियमे भरवणारी ही मंडळी त्या चिंचोळ्या मंचावर शिष्यासारखी उभी होती. ब्लूज गाणाऱ्याला वय लपवावे लागत नाही. तो जितका जगला असेल, तितके त्याचे गाणे खरे. फलाटावर काखेत धरलेल्या तबकडीतून हाच धडा मिळाला होता. तो उमगायला वीस वर्षे गेली.

मडी १९८३ मध्ये गेला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम आला. नव्या गाण्यांचा त्यांचा अठरा वर्षांतला पहिलाच. त्यातल्या दोन गाण्यांत चार्लीचा ठेका आहे, जाण्यापूर्वी मुद्रित केलेला. आणि अगदी शेवटचे गाणे? मडी वॉटर्सचे तेच, ज्यावरून बँडचे नाव पडले. त्यात ना ड्रम, ना झगमगाट. फक्त जॅगर आणि रिचर्ड्स, फलाटावर भेटलेले ते दोघे. एकाने नुकतीच ऐंशी गाठलेली, दुसरा दोन महिन्यांवर आलेला. गुरूला जितके आयुष्य लाभले, त्याहून अधिक वय घेऊन ते त्याचे गाणे गात होते.

म्हणूनच म्हाताऱ्या बँडच्या मैफलीला जाणारा माणूस केवळ गाणी ऐकायला जात नाही. गाणी तर घरीही ऐकता येतात. तो पाहायला जातो की आपल्याबरोबर ज्यांचे वय झाले, ज्यांनी आपल्यासारखेच सोबती गमावले, ते अजून उभे आहेत का. सेंट लुईसला रिकाम्या रंगमंचावर ठेका वाजला, तेव्हा प्रत्येकाला आपापला चार्ली आठवला असेल. आणि नंतर नवा ड्रमवाला ठेका धरून बसला, तिघांनी हात धरले आणि गाणे पुढे सुरू झाले, तेव्हा घरी परतताना सोबत न्यावे असे काहीतरी त्यांच्या हाती लागले असेल.