पानामागचं दुकान : ऑनलाइन विक्रीचं संकेतस्थळ शिकताना होणारे गैरसमज

बीसीए, बीएस्सी आयटी किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात 'ऑनलाइन शॉपिंग वेबसाइट' हा हमखास निवडला जाणारा प्रकल्प. परीक्षकांसमोर पान उघडतं, फोटो दिसतात, 'कार्टमध्ये टाका' हे बटण चालतं आणि गुण मिळतात. तेच संकेतस्थळ खऱ्या गिऱ्हाइकांसाठी खुलं केलं, तर थोड्याच दिवसांत हिशेब जुळेनासा होतो. कारण शिकताना सगळं लक्ष दिसणाऱ्या भागावर जातं, आणि दुकान तर नोंदींवर चालतं. प्रत्येक ऑर्डरची, पैशाची आणि मालाची नोंद कायम खरी राहिली पाहिजे. शिकण्यातला अवघड भाग हा आहे आणि शिकण्यासारखाही हाच आहे.

उदाहरणासाठी एक दुकान धरून चालू. देवगडचा एक बागायतदार हापूसच्या पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवतो आणि त्याची शिकणारी मुलगी त्यासाठी संकेतस्थळ बांधते आहे. तिच्या वाटेत येणारे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १ : पान सुंदर झालं की दुकान झालं.

वस्तुस्थिती : एचटीएमएल पानाची रचना सांगतं, सीएसएस त्याला रूप देतं आणि जावास्क्रिप्ट त्यात हालचाल आणते. हे तिन्ही गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये, ब्राउझरमध्ये चालतं. व्यवहार मात्र दूरच्या सर्व्हरवर होतो आणि त्याची नोंद डेटाबेसमध्ये राहते.

शिवाय वेबचा मूळ स्वभाव विसराळू आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतात, त्यांत प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. मघाशी पेटी निवडणारा आणि आता पैसे भरणारा माणूस एकच आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी 'कुकी' तयार केली. तिच्या पहिल्या उपयोगांपैकी एक होता ऑनलाइन खरेदीची टोपली लक्षात ठेवणं. कुकीत फक्त एक ओळखक्रमांक ठेवायचा आणि टोपलीतला माल सर्व्हरकडे नोंदवायचा, ही आजचीही सर्वसाधारण पद्धत आहे.

गैरसमज २ : डेटाबेस म्हणजे मोठी एक्सेल शीट.

वस्तुस्थिती : नवशिक्या विद्यार्थ्याचं पहिलं टेबल बहुधा असं असतं : गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, माल, भाव, तारीख, सगळं एकाच ओळीत. त्याच गिऱ्हाइकाने पाच वेळा मागवलं की पत्ता पाच ठिकाणी लिहिला जातो. तो बदलला की चार ठिकाणी दुरुस्त होतो आणि पाचवीकडे जुनाच राहतो.

आयबीएममधले गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल पद्धत मांडली, ती अशा विसंगती टाळण्यासाठी फार उपयोगी पडते. गिऱ्हाइकांचं टेबल वेगळं, मालाचं वेगळं, ऑर्डरचं वेगळं आणि ऑर्डरमधल्या एकेका वस्तूचं वेगळं. ही टेबलं क्रमांकांनी एकमेकांना जोडायची. जो गिऱ्हाईक क्रमांक अस्तित्वातच नाही, त्याच्या नावावर ऑर्डर नोंदवू द्यायची नाही, हे डेटाबेसच 'फॉरेन की'च्या नियमाने पाहतो. १९७४ मध्ये आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या टेबलांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली.

इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेक प्रकल्पांत सुटतो. भाव मालाच्या टेबलात असतो, मग तो ऑर्डरमध्ये पुन्हा कशाला लिहायचा, असं वाटतं. पण हापूसचा भाव हंगामाच्या सुरुवातीला चढा असतो आणि मे महिन्यात आवक वाढली की उतरतो. ऑर्डरने भाव मालाच्या टेबलातून वाचला, तर मे महिन्यात भाव बदलताच मार्चमधली सगळी बिलंही बदलतील. दुकानदार जुन्या बिलावरचा भाव खोडत नाही. तसाच विक्रीच्या क्षणीचा भाव ऑर्डरच्या ओळीत कायमचा लिहून ठेवावा लागतो. ही पुनरुक्ती नव्हे. आजचा भाव आणि त्या दिवशी ठरलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज ३ : माझ्या लॅपटॉपवर चाललं, म्हणजे सगळीकडे चालेल.

वस्तुस्थिती : आपण तपासतो तेव्हा दुकानात एकच गिऱ्हाईक असतं. अक्षय्य तृतीयेच्या आधी मात्र एकाच मिनिटात अनेक जण येतात. शेवटची एक पेटी उरली आहे. ठाण्याचं गिऱ्हाईक आणि कोथरूडचं गिऱ्हाईक एकाच क्षणी बटण दाबतं. प्रोग्राम दोघांसाठी साठा वाचतो. दोघांनाही '१' दिसतो आणि दोघांनाही 'ऑर्डर स्वीकारली' असा निरोप जातो. पेटी एक, पैसे दोघांचे.

आधी वाचून मग लिहिण्याऐवजी डेटाबेसला एकच आज्ञा द्यावी : साठा शून्यापेक्षा जास्त असेल, तरच एकने कमी कर. मग किती ओळी बदलल्या ते पाहावं. एक बदलली तर ऑर्डर घ्यायची, शून्य बदलल्या तर 'माल संपला' असं सांगायचं.

साठा कमी करणं, ऑर्डर लिहिणं आणि तिच्या वस्तू लिहिणं ही तिन्ही कामं एकाच 'ट्रान्झॅक्शन'मध्ये बांधायची. म्हणजे मध्येच वीज गेली, तरी तिन्ही होतील किंवा एकही होणार नाही. जिम ग्रे यांनी या विषयाचा पाया घातला, तर १९८३ मध्ये थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी अशा व्यवहाराच्या चार गुणांना 'ॲसिड' हे नाव दिलं : अखंडता, सुसंगती, परस्परांपासून अलगपणा आणि टिकाऊपणा. पाठ्यपुस्तकात हे चार शब्द तोंडपाठ करून घेतले जातात. शेवटच्या पेटीचं उदाहरण हाताने करून पाहिलं, तर ते पाठ करावे लागत नाहीत.

गैरसमज ४ : रुपये म्हणजे साधी दशांश संख्या.

वस्तुस्थिती : संगणकाची नेहमीची दशांश संख्या, म्हणजे 'फ्लोट', बायनरीत साठवली जाते आणि ०.१ हा आकडा बायनरीत नेमका मावत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. एका बिलात हा फरक दिसणार नाही, पण सवलत, कर आणि परतावा यांच्या हजारो ओळींनंतर ताळा चुकतो. म्हणून रक्कम डेटाबेसच्या 'डेसिमल' प्रकारात ठेवावी किंवा पूर्णांक पैशांत मोजावी.

गैरसमज ५ : फॉर्मवर तपासणी केली की चुकीची माहिती आत येत नाही.

वस्तुस्थिती : ब्राउझर गिऱ्हाइकाच्या हातात आहे. पान कसं बनलं हे पाहण्याची आणि त्यातला मजकूर बदलण्याची साधनं प्रत्येक ब्राउझरमध्ये असतात. फॉर्मच्या लपलेल्या रकान्यात भाव ठेवून सर्व्हरने तोच स्वीकारला, तर कोणीही तीन हजारांची पेटी तीस रुपयांना मागवू शकतो. ब्राउझरमधली तपासणी गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी असते, संरक्षण सर्व्हरवरच होतं. गिऱ्हाइकाकडून फक्त मालाचा क्रमांक आणि नग घ्यावेत, भाव नेहमी स्वतःच्या डेटाबेसमधून काढावा.

दुसरा धोका 'एसक्यूएल इंजेक्शन'चा. गिऱ्हाइकाने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा आज्ञेत चिकटवला, तर तो मजकूर आज्ञेचाच भाग बनू शकतो. वसई किंवा गोव्यातल्या डिसूझांनी रोमन लिपीत आडनाव लिहिलं, की त्यातल्या अपॉस्ट्रॉफीनेच असा प्रोग्राम मोडतो. सरळमार्गी गिऱ्हाइकाच्या हातून जे चुकून घडतं, ते वाईट हेतूचा माणूस मुद्दाम घडवतो आणि सगळी टेबलं वाचून नेतो. जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ मध्येच 'फ्रॅक' या ई-मासिकात या पद्धतीबद्दल लिहिलं होतं. उपायही जुना आणि सोपा आहे : 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट'. त्यात आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे वेगवेगळ्या जातात, त्यामुळे माहितीची आज्ञा होऊ शकत नाही.

या संदर्भात जुन्या धड्यांपासून सावध राहावं. पीएचपीतली 'मायएसक्यूएल_क्वेरी' ही जुनी पद्धत २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. एखाद्या पुस्तकात किंवा व्हिडिओत ती दिसली, तर ते बाजूला ठेवून पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय शिकवणारा धडा शोधावा.

गैरसमज ६ : पत्त्यात कुलपाचं चिन्ह आहे, म्हणजे दुकान सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : एचटीटीपीएस फक्त वाटेतली माहिती झाकतं. ती मुक्कामी पोहोचल्यावर तुम्ही कशी ठेवता, याच्याशी त्याचा संबंध नाही. २००९ मध्ये 'रॉकयू' या कंपनीच्या डेटाबेसमधून ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड फुटले. ते उघड्या अक्षरांत साठवलेले होते. पासवर्ड कधीच साठवायचा नसतो. त्याचा 'हॅश' साठवायचा असतो, ज्यावरून मूळ पासवर्ड थेट काढता येत नाही. त्यासाठी १९९९ मधली बीक्रिप्ट पद्धत आजही वापरात आहे आणि पीएचपीमध्ये ती एका तयार फंक्शनने मिळते.

कार्डाच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचा पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन वापरावं लागतं.

गैरसमज ७ : पेमेंट गेटवे जोडला की काम संपलं.

वस्तुस्थिती : गिऱ्हाईक यूपीआयने पैसे भरतं आणि 'धन्यवाद'चं पान उघडण्याआधीच घाटात त्याचं नेटवर्क जातं. पैसे कापले गेले, पण दुकानात ऑर्डर नाही. म्हणून 'धन्यवाद'च्या पानावर विसंबायचं नसतं. गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला स्वतंत्र निरोप पाठवतो, त्याला 'वेबहुक' म्हणतात. तो निरोप खरंच गेटवेकडून आला का, हे सहीवरून तपासायचं आणि मगच ऑर्डर पक्की करायची. हाच निरोप दोनदाही येऊ शकतो. त्यामुळे पेमेंट क्रमांकाच्या रकान्यावर 'युनिक'ची अट घालावी, म्हणजे एका पैशावर दोन पेट्या रवाना होणार नाहीत.

गैरसमज ८ : डेटाबेसमध्ये मराठी नीट बसत नाही, म्हणून सगळं इंग्रजीतच ठेवावं.

वस्तुस्थिती : युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र जागा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये तिचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, ती टेबल किंवा जोडणी जुन्या लॅटिन संचावर राहिल्यामुळे. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' हा संच निवडावा. आठव्या आवृत्तीपासून तोच मूळचा आहे.

खरा विचार शोधाबाबत करावा लागतो. कोणी 'हापूस' लिहील, कोणी 'हापुस', कोणी रोमन लिपीत टाइप करील. प्रत्येक मालासाठी पर्यायी लेखनांचं एक छोटं टेबल ठेवलं, की तिघांनाही तीच पेटी सापडते. मराठी गिऱ्हाइकाची ही सवय मराठी विद्यार्थ्याला जितकी ठाऊक, तितकी परदेशातल्या तयार सॉफ्टवेअरला नाही.

गैरसमज ९ : कायदा मोठ्या कंपन्यांसाठी असतो.

वस्तुस्थिती : ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० व्यवसाय म्हणून ऑनलाइन विकणाऱ्यांना लागू होतात, आणि त्यांतले काही तर थेट प्रोग्राममध्ये उतरवावे लागतात. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क संकेतस्थळावर हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवायला मनाई आहे. खाद्यपदार्थ विकत असाल, तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना वेगळा.

गैरसमज १० : तयार साधनं असताना हे शिकायची गरजच नाही.

वस्तुस्थिती : केवळ विक्री करायची असेल, तर शॉपिफाय किंवा वूकॉमर्स पुरेसं आहे आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. पण फेब्रुवारीत नोंदवलेली पेटी एप्रिलच्या तोडणीतून पाठवायची, म्हणजे साठा गोदामात नसून झाडावर आहे. अशी गरज तयार चौकटीत बसवायची, तर आतली टेबलं समजावीच लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला प्रोग्राम शेवटची पेटी दोघांना विकतो आहे का, हे ओळखायलाही तीच समज लागते.

भाषा कोणती, याचा घोर करू नये. वूकॉमर्स आणि विकिपीडियाचं मीडियाविकी पीएचपीवर चालतं. पायथन किंवा नोड घेतलं, तरी वर सांगितलेलं सगळं तसंच लागू आहे. सुरुवात मात्र कागदावर टेबलं आखून करावी आणि रंग-फोटो शेवटी घ्यावेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात पीएचपी आणि मायएसक्यूएलचे धडे मोफत मिळतात आणि त्यातले अनेक धडे भारतीय भाषांतही आहेत.

दुकान लोकांसाठी खुलं करण्याआधी चार कसोट्या घ्याव्यात. दोन ब्राउझर उघडून शेवटची पेटी दोन्हीकडून एकदम मागवावी. पैसे भरताना मध्येच नेट बंद करावं. नावाच्या रकान्यात अपॉस्ट्रॉफी आणि पत्त्याच्या रकान्यात देवनागरी लिहावं. मालाचा भाव बदलून जुनं बिल उघडून पाहावं. चारही वेळा नोंदी खऱ्या राहिल्या, तर अनोळखी माणसाचे पैसे घेण्याची तयारी झाली आहे. एखादी जरी कसोटी हुकली, तर उद्घाटन लांबणीवर टाकावं आणि आधी ती दुरुस्ती करावी.