भाकरी आणि हाडे

ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्यास हाडांची चिंता नको, अशी आमच्या पारोळ्याकडे समजूत आहे. ती खरी नव्हे. शंभर ग्रॅम बाजरीत कॅल्शियम जेमतेम ३०-४० मिलिग्रॅम. कोकणच्या नाचणीत मात्र ३५०च्या आसपास! प्रौढास रोज सुमारे १००० हवे. अन्नातून न मिळाल्यास शरीर आपल्याच हाडांतून ते काढून रक्ताची गरज भागविते. हाडे ठिसूळ होत जातात, आणि एके दिवशी ओसरीवर पाय घसरण्याचे निमित्त होऊन वृद्ध आईचा खुबा मोडतो.

पेलाभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. सालीसकट तिळांतही पुष्कळ. ते संक्रांतीपुरतेच का असावेत? गोळी घ्यावयाचीच झाल्यास डॉक्टरांस विचारून, जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच घ्यावी. अधिक एकदम घेतलेले नीट अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीशी तिचे जमत नाही. दोहोंत दोन तास तरी जाऊ द्यावेत.