कोंबडीच्या अंड्यातील 'ढाल' आणि मुलांचे जुलाब

पावसाळ्यात नदीनाल्यांना गढूळ पाणी आले की, आपल्या जिल्ह्यात लहान मुलांच्या जुलाबांच्या तक्रारी वाढतात. अशाच दिवसांत एका माऊलीने विचारले, "डॉक्टर, कोंबडीच्या अंड्यात जुलाबावरचे औषध असते म्हणे, बाळाला कच्चे अंडे पाजू का?" कच्चे अंडे पाजू नये, हे आधीच सांगून टाकतो. पण बातमी अगदीच खोटी नाही.

कोंबडी आपल्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी द्रव्ये, अंड्याच्या बलकात साठवते. पिल्लासाठी ही तिची शिदोरी. जर्मनीच्या फेलिक्स क्लेम्पेरर यांनी १८९३ साली कोंबड्यांना धनुर्वाताविरुद्ध तयार केले आणि त्यांच्या बलकाने उंदरांचा बचाव होतो, हे दाखविले. आज एखाद्या जंतूची मेलेली लस कोंबडीला टोचतात. काही आठवड्यांत त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडे बलकात उतरतात. जनावराचे रक्त काढावे लागत नाही, अंडी तेवढी गोळा करायची. वासरांच्या व डुकराच्या पिलांच्या हगवणीवर याचे पुष्कळ प्रयोग झाले आहेत.

माणसांवरचा महत्त्वाचा प्रयोग ढाक्यात झाला. त्याचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. रोटा विषाणूने जुलाब लागलेल्या ७९ बालकांपैकी काहींना असा खास बलक दिला, काहींना साधा. खास बलक घेतलेल्यांचे पहिल्या दिवशीचे जुलाब कमी झाले. चौथ्या दिवशी त्यांच्यातील ७३ टक्के मुलांच्या शौचातून विषाणू नाहीसा झाला होता. इतरांत हे प्रमाण ४६ टक्के होते. मात्र आजाराचे एकूण दिवस काही घटले नाहीत. म्हणजे मदतनीस बरा, पण कारभारी नव्हे.

बाजारातील अंड्याचे काय? त्या कोंबडीला रोटाची लस कोणी टोचलेली नसते. अंडे उकडले की प्रतिपिंडे निकामी होतात, कच्चे दिले तर त्यातूनच साल्मोनेलाचे जंतू पोटात जाण्याची भीती. उकडलेले अंडे मोठ्या बाळाला आहार म्हणून उत्तम, औषध म्हणून नव्हे.

तीच शिदोरी आईच्या पहिल्या चिकात असते, आणि तो पिळून टाकण्याची चाल काही घरांत अजून आहे! सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे. रोटाची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. ती सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तोंडाने देतात.

जुलाब लागलेच तर ओ.आर.एस.चे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घोटघोट पाजावे, अंगावरचे दूध व जेवण चालू ठेवावे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नयेत. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त आले किंवा मूल मलूल पडले, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.