'उन्हाळी लागली' म्हणून गप्प बसू नका, आधी लघवी तपासून घ्या



या पेजवर आपण मासळीचा भाव, बर्फ, तलावाचा ठेका असल्या गोष्टी बोलतो. आज जरा अवघड विषय घेतलाय. लघवीला जळजळ होणं, आग होणं, थेंब थेंब होणं. कुणी मोठ्यानं सांगत नाही, पण मार्च-एप्रिल आला की घरोघरी कुणाला तरी हा त्रास असतोच. आपण म्हणतो, 'उन्हाळी लागली'. शेजारचे कन्नड लोक 'उरिमूत्र' म्हणतात.

आपल्या शब्दात कारण आधीच सांगून टाकलंय, ऊन. म्हणून उपायही ठरलेला. ताक, कोकम, सब्जा, जिऱ्याचं पाणी. तेवढ्यानं उतरलं नाही तर मेडिकलमधून 'जळजळीच्या दोन गोळ्या'. आमचं म्हणणं एवढंच, की उन्हाळी हे लक्षण आहे. रोग कुठला ते लघवी तपासल्याशिवाय कळत नाही.

उन्हाचा भाग किती?

उन्हात घाम जातो, पाणी कमी पोटात जातं, लघवी घट्ट पिवळी होते आणि झोंबते. हे खरं आहे. असं असेल तर भरपूर पाणी प्यायल्यावर दिवसभरात फरक पडतो, लघवीचा रंग फिका होतो. पण पाणी पिऊनही जळजळ राहिली, सारखं जावंसं वाटतंय, ओटीपोटात दुखतंय, लघवी गढूळ किंवा घाण वासाची होतेय, तर बहुतेक वेळा जंतू असतात. आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू मूत्रमार्गात शिरतो, हे सगळ्यात नेहमीचं कारण.

बायकांना जास्त का?

बाईची मूत्रनळी साधारण ४ सेंटीमीटर, पुरुषाची २० च्या आसपास. त्यामुळे बाईच्या मूत्राशयापर्यंत जंतू लवकर पोचतो. त्यात आपल्या बायकांचा दिवस कसा जातो ते बघा. कारवार-मालपेकडची गाडी येते तेव्हा उजाडलेलंही नसतं. तेव्हापासून दुपारपर्यंत पाटीसमोर बसायचं. जवळ धड शौचालय नाही, असलं तर आत पाय ठेववत नाही, आणि पाटी सोडून जायचं तर गिऱ्हाईक जातं. म्हणून पाणीच प्यायचं नाही. चार-पाच तास लघवी दाबून धरायची. जंतूला वाढायला एवढा वेळ पुष्कळ झाला.

बाहेरच्या अंगाला खाज, अंगावरून पांढरं जाणं, लघवी लागली की तिथल्या त्वचेला झोंबणं, हे असेल तर दुखणं योनीमार्गाचं असू शकतं. त्याचं औषध वेगळं. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी पडते, त्यानंही आग होते. आणि घरात कुणी गरोदर असेल तर एक दिवसही थांबू नका. गरोदरपणात हे जंतू मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याची भीती असते.

पुरुषांनी हसण्यावारी नेऊ नये

पुरुषाला जळजळ झाली तर तपासणी हवीच. पाठीच्या बाजूनं कळ निघून जांघेत उतरते, लघवी लालसर होते, तर मूतखडा असू शकतो. खडा मूत्राशयाजवळ येऊन अडकला की सारखं जावंसं वाटतं आणि आग होते, म्हणून तोही 'उन्हाळी' समजला जातो. पन्नाशीनंतर धार बारीक होणं, रात्री तीन-चारदा उठावं लागणं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, हे प्रोस्टेटचं असू शकतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जळजळीबरोबर पू येत असेल तर गुप्तरोगाची शक्यता असते. गनोरिया, क्लॅमिडिया हे औषधानं बरे होतात, पण नवरा-बायको दोघांनीही औषध घ्यावं लागतं. एकट्यानं चोरून गोळ्या खाल्ल्या तर रोग घरातच फिरत राहतो. सरकारी दवाखान्यात यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथली गोष्ट बाहेर जात नाही.

बाई असो की पुरुष, वारंवार होत असेल तर रक्तातली साखर बघा. मधुमेह आहे हे कित्येकांना लघवीच्या तक्रारीवरूनच पहिल्यांदा कळतं.

गिमवीची गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांना लघवीतून रक्त जायचं, त्रास व्हायचा. १९५२ मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी याचं कारण जगापुढे मांडलं. लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर तीत एका कृमीची अंडी होती. हा कृमी गोड्या पाण्यातल्या बारीक गोगलगायीत वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. आफ्रिकेत हा रोग पुष्कळ ठिकाणी आहे. भारतात मात्र गिमवीचंच नाव घेतलं जातं. म्हणून उणकल, केलगेरीच्या तलावात उतरणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी, की ताक-सब्जा कितीही दिला असता तरी तो कृमी गेला नसता. लघवी बघितली तेव्हा कारण सापडलं.

आजही असं होतं. महिनोन् महिने जळजळ, रिपोर्टात पू पेशी दिसतात, पण कल्चरमध्ये साधा जंतू वाढत नाही, गोळ्यांचा गुण येत नाही. अशा वेळी डॉक्टर मूत्रमार्गाच्या टीबीचा विचार करतात. टीबी फक्त छातीलाच होतो असं नाही.

तपासणी कशी करायची?

पहिली साधी लघवी तपासणी. तीत पू पेशी, रक्त, साखर दिसते. दुसरी कल्चर. कुठला जंतू आहे आणि कुठलं औषध त्याला लागू पडेल ते तीत कळतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. महत्त्वाचं म्हणजे कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यायचा. आधीच दोन गोळ्या पोटात गेल्या असतील तर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो.

नमुना देताना जागा पाण्यानं धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार प्रयोगशाळेनं दिलेल्या बाटलीत धरा. घरची औषधाची बाटली धुऊन नेऊ नका. नमुना दोन तासांच्या आत पोचवा. खडा किंवा प्रोस्टेटचा संशय असेल तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात.

सुरुवातीला जवळच्या नम्म क्लिनिकमध्ये किंवा सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढची गरज पडली तर धारवाडचं जिल्हा रुग्णालय आणि हुबळीचं केएमसीआरआय (आधीचं किम्स) आहेच. डॉक्टरांनी जेवढ्या दिवसांचं औषध दिलं तेवढे दिवस घ्या. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी भावजयीला द्यायच्या, ही सवय सोडा. अशानं जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

या वेळी थांबू नका

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त, किंवा लघवी तुंबणं. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. लहान मुलांना सांगता येत नाही. कारण न कळता ताप येत असेल, लघवी करताना मूल रडत असेल, तर त्याचीही लघवी तपासा.

बोटमालकांना विनंती

मालपेकडे मोठ्या बोटी आठ-आठ, दहा-दहा दिवस पाण्यात असतात. बर्फ आणि डिझेल मोजून भरता, तसं प्यायचं पाणीही माणसागणिक मोजून भरा. पाणी संपेल या धाकानं खलाशी तहान मारतो आणि खडा धरून घरी येतो. औषधाच्या डब्यात अँटिबायोटिकची सुटी पाकिटं ठेवू नका. कुणाला ताप आणि जळजळ एकदम आली तर वायरलेसवर कळवा आणि बंदराकडे वळा. एका फेरीचं नुकसान भरून निघतं, निकामी झालेलं मूत्रपिंड परत मिळत नाही.

बायकांसाठी एकच सांगणं. शेजारच्या पाटीवालीला सांगून दर दोन-तीन तासांनी उठा. आज तुमची पाटी ती बघेल, उद्या तिची तुम्ही बघा. बाजारात स्वच्छ, पाणी असलेलं शौचालय हवं, हा विषय आम्ही पुढच्या बैठकीत घेतोय. त्या दिवशी बायकांनी मोठ्या संख्येनं यावं आणि स्वतः बोलावं. पुरुष सभासदांनी ऐकून घ्यावं.

हा मजकूर घरात वाचून दाखवा. ज्यांना सांगायला लाज वाटते त्यांना नुसता फोनवर पाठवला तरी चालेल.